डाव्या हाताचा धावदोरा

लिफ्ट नवव्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि नंदा उतरलीच नाही. हातात दुधाची पिशवी आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन ती तशीच उभी राहिली, कारण लिफ्टमध्ये तिच्यासोबत दोन हमाल होते, एक फ्रिज होता आणि फ्रिजला गुंडाळलेली एक गोधडी होती. सामान हलवणाऱ्यांकडे असते तशीच ती होती, कळकट, तेलाच्या डागांची, सुतळीने आवळलेली. हिच्यावर कधीकाळी कुणी निवांत झोपलं असेल यावर विश्वास बसू नये अशी. पण गर्दीमुळे नंदाचं नाक तिच्यापासून जेमतेम वीतभर लांब होतं, आणि एकतीस वर्षं कळव्याच्या एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे गिरवणारी ट्रेसर म्हणून काढलेल्या बाईसमोर रेघ आली की ती कुठून निघाली आणि कुठे गेली हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिने पांढऱ्या धावदोऱ्याची एक ओळ धरली. ती उजवीकडून आली, बाजूच्या मध्यावर थांबली, तिथे गाठ होती. त्या गाठीच्या समोर, नखाएवढ्या अंतरावर, दुसरी गाठ होती, आणि तिची ओळ डावीकडून आलेली होती. शिवणारी बाई सुरुवातीची गाठ कापडाच्या आत लपवते आणि शेवटची वर, दुहेरी टाका घालून मारते, हे नंदाला झोपेतही सांगता आलं असतं. या दोन्ही गाठी शेवटच्या होत्या. म्हणजे दोन बायका समोरासमोरून शिवत आल्या होत्या आणि इथे एकमेकींना भेटल्या होत्या. खालच्या ओळीत तेच. त्याखालच्या ओळीत तेच. नंदा मोठ्याने म्हणाली, "डावखुरी."

"कोण, मावशी?" एका हमालाने विचारलं. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. तोवर बारावा मजला आला होता. फ्रिजच्या मागोमाग नंदाही उतरली, फ्रिजच्या मागोमाग एका अनोळखी फ्लॅटमध्ये शिरली, आणि खोक्यांच्या ढिगात उभ्या असलेल्या तिशीच्या मुलीला म्हणाली, "ती गोधडी जरा जमिनीवर पसरू द्या." मुलीचं नाव शिवानी, ती डोंबिवलीहून कोलशेतला त्याच दिवशी राहायला आली होती, आणि नव्या सोसायटीतली पहिली शेजारीण दूध-कोथिंबीर घेऊन येते आणि हमालांची गोधडी मागते हे तिला बहुधा इकडची रीत वाटलं असावं. "चहा घेणार का, काकू?" तिने विचारलं, "म्हणजे दूध तुमच्याकडेच आहे म्हणून." नंदा गुडघ्यांवर बसली होती आणि बोटाने ओळी मोजत होती. तीन बाजू सुलट्या हाताच्या. चौथीवर एक डावखुरी, सगळ्यांसोबत बसलेली. कुणीतरी तिला बसू दिलं होतं. "तुम्ही शिवता का अशा?" शिवानीने विचारलं, आणि नंदा, जिच्या मनात त्या क्षणापर्यंत असं काही म्हणून नव्हतं, मान वर करून म्हणाली, "मी मंडळ काढतेय. गोधडीचं. रविवारी चार वाजता, क्लबहाऊसमध्ये." बोलून झाल्यावर तिलाच घाम फुटला. पण तो भीतीचा नव्हता. आपण शाळेतून पळून आलोय आणि अजून कुणी पकडलेलं नाही अशा आनंदाचा तो घाम होता.

जिन्याने तीन मजले उतरताना ती पायऱ्या उतरतच नव्हती, ती आंबिवलीला, वडील कामाला होते त्या कंपनीच्या चाळीत, सामाईक पडवीत, नऊ वर्षांची होऊन उभी होती. पडवीत गोधडी पसरलेली, चार कोपऱ्यांना चौघीजणी. आई, शेजारच्या दोघी आणि शकूआत्या. चौघी बाहेर बसून तोंडं आत करायच्या, सुई उजवीकडून डावीकडे पळवायच्या, आणि ज्या बाजूला सुई जाई त्या बाजूला बूड सरकवत पुढे पुढे जायच्या. चौघी एकमेकींच्या मागे, गोल गोल. देवळात प्रदक्षिणा घालावी तशी ती शिवण बाहेरून आत जायची. नंदाला त्यात बसायचं होतं. आई चहा करायला आत गेली तेव्हा तिने आईची सुई उचलली आणि सपासप शिवायला लागली; टाके लहान होते, सरळ होते, ती स्वतःवरच खूश झाली होती. मग शेजारणीच्या गुडघ्याला तिचा गुडघा लागला. दोघी समोरासमोर आल्या होत्या. शकूआत्याने हातातली सुई खाली ठेवली. "डाव्या हाताने शिवतेय कार्टी," ती म्हणाली. "उलटा फेरा घातला हिने. उलटा फेरा मर्तिकाला घालतात, पांघरुणाला नाही." आणि सुईच्या टोकाने तिने नंदाचा एकेक टाका उचकटून दोरा ओढून काढला. आई दारात कपबशा घेऊन उभी होती. तिने शकूआत्याला चहा दिला. पुढे नंदाला सुया ओवायचं काम मिळालं. तिची नजर तीक्ष्ण होती, चौघींच्या सुया ती मिनिटात ओवायची, आणि चौघी तिचं कौतुकही करायच्या. पन्नास वर्षं झाली, पण कुणी कौतुक केलं की नंदाला अजून आधी त्या सुया आठवतात.

घरी पंढरी, तिचा नवरा, मोबाईलवर बुद्धिबळ खेळत होता. तिने सगळं एका दमात सांगितलं: फ्रिज, गाठी, मंडळ, रविवार. त्याने उंट हलवला आणि विचारलं, "पण तुला शिवता येतं?" वाईट हेतूने नाही, त्याला खरंच माहीत नव्हतं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला शर्टाची बटणं लावताना पाहिलं होतं, तेवढंच. "येतं," नंदा म्हणाली, आणि मग दूध तापवताना तिच्या लक्षात आलं की मंडळ काढणं सोपं आहे, मंडळात बसणं अवघड आहे. तरी उत्साह काही कमी होईना. तो भांड्यातल्या दुधासारखा वर येतच राहिला.

सोसायटीच्या ग्रुपवर तिने लिहिलं: रविवारी चार वाजता क्लबहाऊसमध्ये गोधडीसाठी जमू या, जुन्या सुती साड्या आणि चादरी आणाव्यात. इतका साधा मजकूर. शनिवारी सकाळी दार उघडलं तर दाराबाहेर गाठोडी. लोकांनी फक्त 'जुन्या' आणि 'आणाव्यात' एवढंच वाचलं होतं आणि कुठल्यातरी पुण्यकार्याला कपडे गोळा होतायत अशी समजूत करून घेऊन कपाटं रिकामी केली होती. दुपारपर्यंत सव्वीस गाठोडी झाली. शाळेचे गणवेश, पडदे, एक पोहण्याचा पोशाख, आणि एका पिशवीवर चिठ्ठी: 'धुतलेले आहेत, कृपया गरजूंनाच द्यावेत.' पंढरीला घरात यायला वाट उरली नाही. रविवारी नंदाने ती सगळी गाठोडी क्लबहाऊसच्या टेबल टेनिसच्या टेबलाखाली रचली आणि चार वाजता वाट बघत बसली. आली फक्त शिवानी, आणि नंदाची जुनी ऑफिसातली मैत्रीण विनिफ्रेड, जी टेलिफोनवर बसायची आणि आता रिटायर होऊन चर्चच्या कॉयरला वैताग देते असं स्वतःच सांगायची. "अगो, बाया कुठेत?" विनिफ्रेड म्हणाली. "कपडे आलेत, बाया राहिल्या घरी."

चौथी आली ती बघायला आली. बायजाबाई, पहिल्या मजल्यावरची. टॉवरच्या जागी पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं. त्या बदल्यात त्यांना तीन फ्लॅट मिळाले होते, आणि त्या तिन्ही फ्लॅटांपेक्षा त्यांना सोसायटीची बाग जास्त आपली वाटायची, कारण माती तीच होती. सत्तरी उलटलेली, ठसठशीत कुंकू, कानात बुगड्या. त्यांनी गाठोडी पाहिली, एक सोडलं, साडी दोन बोटांत चुरगाळून पाहिली. "ही चांगली हाय. ही नाय. यो पडदा हाय, त्याचा काय करशील? कुनाची गोधरी शिवाची हाय?" कुणाचीच नाही, आपली, असं नंदा म्हणाली. "आपली म्हंजे कोनाची? गोधरी कोनाची तरी असते," बायजाबाई म्हणाल्या, पण तोवर त्यांनी चप्पल काढली होती. अर्ध्या तासात फरशीवर दोन साड्यांच्या पोटात जुन्या चादरींचे थर पसरले गेले, तळहाताने सुरकुत्या काढल्या गेल्या, मोठे कच्चे टाके पडले. शिवानीने आयुष्यात पहिल्यांदा इतकी मोठी सुई पाहिली. विनिफ्रेडने तिची मम्मी जन्मलेल्या प्रत्येक पोरासाठी शिवायची त्या दुपट्यांची गोष्ट सांगितली. नंदाला वाटलं, आपल्या आत कुणीतरी लेझीम खेळतंय. मग बायजाबाईंनी कोपरे वाटले. "चार कोपरे, चार बाया. बस."

"मी सुया ओवते," नंदा म्हणाली. "आणि चहाचं बघते."

स्वतःचंच वाक्य तिला ऐकू आलं आणि तिला स्वतःचा राग आला. पन्नास वर्षांनी, स्वतः काढलेल्या मंडळात, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन ती पुन्हा सुयांपाशी बसली होती. कुणी सांगितलंही नव्हतं. बाकी तिघी शिवायला लागल्या, हसायला लागल्या, शिवानीच्या टाक्यांना विनिफ्रेड 'लोकल स्टेशनं' म्हणाली, एकमेकांपासून इतके लांब होते ते. आणि नंदा त्या हसण्याच्या अगदी काठाशी, थर्मास हातात धरून, आनंदाने आणि हेव्याने दोन्हीने भरून गेली होती. आठवडाभर तिने घरी उजव्या हाताने सराव केला. उशीच्या अभ्र्यावर. टाके असे पडले की पंढरीनेही मोबाईलमधून डोकं काढून पाहिलं. पण दुसऱ्या रविवारपर्यंत चौथ्या बाजूला फुगा आला होता. तिघींच्या ओळी अजून आपापल्या बाजूवरच पुढे सरकत होत्या आणि चौथीवर कुणीच नव्हतं, तिकडचं कापड सैल पडून वर येत होतं. आता नंदा बसली नसती तर गोधडी वाकडीच झाली असती. ती बसली. उजव्या हातात सुई धरली. दहा मिनिटं तिने टाके घातले. मग बायजाबाई उठल्या, तिच्या शेजारी येऊन बसल्या, आणि सुईच्या टोकाने तिचे टाके एकेक करून उसवायला लागल्या.

नंदाला शेणाने सारवलेल्या पडवीचा वास आला. खरोखर आला, एसी लावलेल्या क्लबहाऊसमध्ये. तिला उठून जावंसं वाटलं. मंडळ गेलं खड्ड्यात, गाठोडी गेली खड्ड्यात.

"चा तर डाव्या हातानं वततेस," बायजाबाई दोरा ओढत म्हणाल्या. "मंग सुई या हातान कशाला?"

नंदाने सांगून टाकलं. आंबिवली, आत्या, उलटा फेरा. लिफ्टमधली गोधडीही सांगितली, दोन गाठी समोरासमोर. तिला वाटलं होतं बायजाबाई म्हणतील, सोड गं, कोण मानतं आता. बायजाबाई तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मान हलवली. "खरा हाय ते. आमचे गावान पन उलटा फेरा मयतालाच." आणि मग, "म्हनून तर ती गोधरी फ्रिजला गुंडालली." विनिफ्रेड इतकी हसली की तिची सुई हरवली आणि सगळ्यांना हातपाय आखडून ती शोधावी लागली. सुई सापडल्यावर विनिफ्रेड म्हणाली, "आमच्यात असलं काय नाय. मी बसवते तिला माझ्या बाजूला." पण बायजाबाई गप्प होत्या, आणि नंदाला तो गप्पपणा हसण्यापेक्षा खरा वाटला. तिला दया नको होती. सूट नको होती. तिला बाकीच्यांच्या दिशेने शिवायचं होतं, आणि स्वतःच्या हाताने. या दोन गोष्टी एकत्र होत नाहीत एवढंच काय ते होतं.

बुधवारी त्या दोन्ही एकत्र झाल्या. इतक्या सहज की नंतर तिला रागच आला. ती घरी डबल बेडवर जुनी चादर पसरून कडेने टाके घालत होती, दुखऱ्या गुडघ्यांमुळे जमिनीवर नाही. पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचेना, तिकडे पंढरी लोळत होता, तेव्हा ती सरळ चादरीवर चढून मध्ये बसली, तोंड बाहेर, त्याच्याकडे करून. डाव्या हाताने पाच-सहा टाके घातले. आणि थांबली. सुई तिच्या डावीकडून उजवीकडेच चालली होती, नेहमीसारखी, पण चादरीवरची ओळ फिरत होती ती सुलटी, आत्याच्या, आईच्या, बायजाबाईंच्या दिशेने. तिने बोट फिरवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसिंग पेपर चुकून उलटा ठेवला की डावं दार उजवं व्हायचं आणि साहेब ओरडायचा. ते ती एकतीस वर्षं बघत आली होती आणि स्वतःला कधी उलटं ठेवून पाहिलं नव्हतं. हात बदलायचा नव्हताच. जागा बदलायची होती. बाहेर बसून आत नाही, आत बसून बाहेर. "पंढरी," ती म्हणाली, "मी मध्ये बसायचं." त्याला बुद्धिबळाचं वाटलं. "मध्ये बसलेला घोडा जास्त घरं मारतो," तो म्हणाला, आणि नंदा हसत सुटली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने तशीच विनिफ्रेडला फोन लावला आणि तिला यातलं काही एक समजावून सांगू शकली नाही.

रविवारपर्यंतचे चार दिवस तिने कसे काढले तिलाच ठाऊक. भाजीवाल्यासमोर, बँकेच्या रांगेत, ती हवेत बोटं फिरवत होती. रविवारी तिने मोरपंखी कॉटनची साडी काढली, गेल्या दिवाळीची, अजून दोनदाच नेसलेली. क्लबहाऊसमध्ये बायजाबाईंसमोर उभी राहून तिने वहीच्या कागदावर चौकोन काढला, आत एक टिंब काढलं, बाण काढले. बायजाबाईंनी कागदाकडे पाहिलं नाही. "गोधरीचे मदी कोन बसतं ठावं हाय? पोर बसतं. रांगतं." तरी त्या विचारात पडल्या होत्या. त्यांनी सुई डाव्या हातात घेतली, गोधडीच्या कडेवर ओणव्या होऊन, तोंड बाहेर करून, हवेतच दोन टाके घातले, मान तिरकी केली. परत एकदा. बराच वेळ लागला. शिवानीने तोंड उघडलं आणि विनिफ्रेडने तिला कोपराने गप्प केलं. बायजाबाई सरळ झाल्या. "सुलटाच जातंय," त्या म्हणाल्या. आणि मग, जणू हे त्यांनीच सुचवलं होतं, "पाय धुऊन ये. गोधरीवर बसाचं हाय."

नंदा पाय धुऊन आली. ओल्या पावलांनी ती गोधडीच्या मध्यापर्यंत चालत गेली, बाहेर तोंड करून बसली, आणि फुगलेली चौथी बाजू तिने मांडीसमोर ओढून घेतली. पहिला टाका पडला. दुसरा, तिसरा, आणि मग तिने मोजणं सोडलं. डावा हात सुटला होता. पन्नास वर्षं दावणीला बांधलेलं वासरू सुटावं तसा तो उधळला, पण ओळ कशी, आखल्यासारखी. तिच्या उजवीकडून विनिफ्रेड पुढे सरकत होती, डावीकडून बायजाबाई मागे येत होत्या, सगळ्या एकाच बाजूला, आणि बाहेर बसून शिवणाऱ्यांना कधी दिसत नाही ते तिला दिसत होतं: शिवताना शिवानीची जीभ बाहेर येते, विनिफ्रेड ओठांतल्या ओठांत कॉयरचं कुठलंतरी गाणं पुटपुटते, आणि बायजाबाई टाका ओढताना दर वेळी किंचित हसतात, स्वतःशीच. आईही अशी हसायची का? नंदाने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्याकडे त्या चौघींच्या पाठी असायच्या. दारात कपबशा घेऊन उभी असलेली आई तिला आठवली आणि पहिल्यांदाच वाटलं, आईलाही कुणी विचारलं नसेल. राग गेला असं नाही. पण तो आता हातात आला होता, आणि हात शिवत होता. कोपरा आला की ती वळून पुढच्या बाजूला तोंड करायची. एक फेरा झाला. दुसरा झाला. क्लबहाऊसच्या काचेतून टेबल टेनिस खेळायला आलेली दोन माणसं आत बघत उभी राहिली आणि मग बॅटी घेऊन निमूट परत गेली.

"चहा कोण करणार?" शिवानीने विचारलं.

"मी नाही," नंदा म्हणाली, आणि हे म्हणताना तिला केवढं बरं वाटलं.

साडेसहाला बायजाबाईंनी हात थांबवले, आजच्यापुरतं पुरे म्हणाल्या. सगळ्या कुरकुरत उठल्या. नंदा उठायला गेली आणि तिच्यासोबत गोधडी उठली. ती पुन्हा बसली. पुन्हा उठली, पुन्हा गोधडी. विनिफ्रेडने वाकून पाहिलं आणि तिचा आवाजच बसला हसून. शेवटच्या फेऱ्यात, वळताना, मांडीखाली पसरलेल्या निऱ्यांवरून नंदाची ओळ सरळ पुढे गेली होती, न थांबता, चांगली दीड वीत. तिने स्वतःलाच गोधडीत शिवून टाकलं होतं.

"जल्लं," बायजाबाई म्हणाल्या आणि हसत खाली बसल्या. "मदी बसनाऱ्या पोराचा असाच होतं. थांब, हलू नको. एवराच उसवते." त्यांनी सुईचं टोक नंदाच्या टाक्याखाली घातलं.

नंदाने त्यांचं मनगट धरलं. डाव्या हाताने, आणि जरा जोरातच.

"उसवू नका," ती म्हणाली.

"मंग उठशील कशी?"

"साडी कापा."

हसणं थांबलं. "काकू, नवीन आहे," शिवानी म्हणाली. विनिफ्रेडने पर्समधून कात्री काढली आणि बायजाबाईंपुढे धरली. बायजाबाईंनी नंदाच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या ओळीकडे, टाका टाका करत शेवटपर्यंत. सुईचं टोक त्यांनी हळूच बाहेर काढून घेतलं. मग कात्री घेऊन, शिवणीपासून बोटभर अंतर राखून, त्यांनी मोरपंखी साडी चारी बाजूंनी कापली, आणि नंदा उभी राहिली.